उन्हाळ्याचें अनुमान आणि आमचा डोंगराळ मुलूख

होळी झाली, कीं आमच्या नाशकांत बोलावयास एकच विषय उरतो : यंदाचा उन्हाळा कसा जाणार? मार्च संपतांना हवामानखात्याचें पत्रक निघतें. त्यांत एप्रिल ते जून या तीन महिन्यांचें अनुमान असतें. तें वाचून कोणी घाबरतात, कोणी हसतात. वेधशाळेनें पाऊस सांगितला म्हणजे छत्री खुशाल घरीं ठेवावी, ही थट्टा आमच्या वर्गांतहि ऐकूं येते. आमच्या मतें तें भय आणि तें हसणें, दोन्ही अस्थानीं आहेत. अनुमान लबाड नसतें. परंतु तें ज्या प्रश्नाचें उत्तर देतें, तो आमच्या डोंगरांतील माणसाचा प्रश्नच नव्हे.

हें खातें १८७५ सालीं स्थापन झालें. त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड हे हिमालयावरील बर्फ पाहून पुढील पावसाचा अदमास बांधीत. त्यांच्यामागून आलेल्या सर गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञानें दूरच्या पॅसिफिक महासागरावरील हवेच्या दाबाचा आपल्या पावसाशीं संबंध जोडून दाखविला. १९२८ सालीं खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें. पुढें तें दिल्लीस गेलें तरी पुण्याच्या त्या चौकास लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. इतक्या वर्षांच्या खटपटीनंतरहि खातें छातीठोक सांगत नाहीं, शक्यता सांगतें. उष्मा सरासरीहून अधिक राहण्याची शक्यता शेंकडा ५५ असें छापलें, तर तसें न होण्याची शक्यता शेंकडा ४५ उरते. ही वजाबाकी पांचवींतल्या मुलासहि येते. वडील मंडळी मात्र ती करीत नाहींत, आणि मग वेधशाळेस नांवें ठेवतात.

खरी अडचण निराळी आहे. नाशिक जिल्ह्याची हवा एक नव्हे. मालेगांवीं पारा ४२ अंशांपलीकडे जातो, तेव्हां त्र्यंबकच्या डोंगरावर सायंकाळीं वारा सुखाचा वाटतो. उंची एक किलोमीटर वाढली, कीं उष्णता सुमारें साडेसहा अंश उतरते. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटरांवर. इगतपुरी व अकोले तालुक्यांच्या सीमेवरचें कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर, आणि बागलाणांतील साल्हेर १५६७ मीटर. म्हणजे शहरांत ४० अंश असतां कळसूबाईच्या माथ्यावर तेहेतीस-चौतीसच असावेत. हा हिशेब पाहून कोणासहि वाटेल, कीं डोंगरांतल्यांस उन्हाळा तो कसला!

पण डोंगरांतला उन्हाळा पाऱ्यानें मोजतां येत नाहीं. तो हंड्यांनीं मोजावा लागतो. इगतपुरीस वर्षाला सुमारें ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, येवल्यास पांचशेंच्या आसपास. आणि तरीहि एप्रिल उजाडतांच इगतपुरी, त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या भागांतील पाड्यांवर पाण्यासाठीं पायपीट सुरू होते. खालीं काळा कातळ, वर वीतभर माती. आषाढश्रावणांतलें पाणी कांहीं गोदेनें पूर्वेस जातें, कांहीं घाट उतरून पश्चिम समुद्रास मिळतें, आणि कातळाच्या पोटांत उरतें तें थोडेंच. मग विहिरीच्या तळाशीं उतरून झऱ्याचें पाणी वाटीनें भरावयाचें, आणि दोन हंडे डोक्यावर घेऊन चढण चढावयाची. हें काम बहुधा बायकांचें आणि शाळेंत जाणाऱ्या मुलींचें. वेधशाळेचें तपमान सावलींतील असतें. पांढऱ्या झडपांच्या ज्या पेटींत तें मोजतात, ती टॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहें बांधणाऱ्या अभियंत्यानें काढली. ('ट्रेझर आयलंड'चा कर्ता याचाच पुत्र.) तापल्या कातळावरून हंडा नेणारीला अशी सावली कोठली?

उष्णतेची लाट कशास म्हणावें याचाहि नियम आहे. मैदानी प्रदेशांत पारा निदान ४० अंश व्हावा लागतो, डोंगराळ भागांत ३०. शिवाय तो नेहमींपेक्षां निदान साडेचार अंशांनीं चढलेला असावा. आतां सुरगाण्याचा एखादा पाडा मैदानांत धरावयाचा कीं डोंगरांत? ज्याच्या आसपास तपमापकच नाहीं, त्याची लाट कोण मोजणार? गारपिटीचेंहि तेंच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चांत गारांनीं जिल्ह्यांतील द्राक्षबागा झोडपल्या. तीन महिन्यांच्या सरासरींत अशी एक घटका दिसत नाहीं; तिचा इशारा ऐन वेळींच मिळावयाचा.

म्हणून आमचें म्हणणें असें, कीं डोंगरी तालुक्यांसाठीं उन्हाळ्याचें अनुमान मार्चांत नव्हे, ऑक्टोबरांत वाचावें. राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा नेमलेल्या विहिरींची पातळी वर्षांतून चार वेळां मोजते, त्यांतली एक ऑक्टोबरांत. पुढची टंचाई तेथेंच लिहिलेली असते. २०२३ चा ऑगस्ट महिना देशांत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. २०२४ च्या उन्हाळ्यांतील पाण्याची ओढ सांगावयास निराळा ज्योतिषी नको होता. विहिरींची ती पातळी आणि वेधशाळेचें पत्रक हीं दोन्हीं एकाच कागदावर, पाड्यापाड्याच्या नांवासह, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कां लागूं नयेत? टँकरची मागणी विहीर कोरडी पडल्यावर कां निघावी? शाळा सकाळची करावयाची तर ती लाटेची वाट न पाहतां कां करूं नये?

बहावा फुलला, टिटवीनें अंडीं कोठें घातलीं, पावशा केव्हां ओरडला, यावरून आमचे आजे रोहिणी-मृगाचा अदमास बांधीत. त्यांच्या नजरेस आम्ही हसत नाहीं. परंतु तिच्यावर टँकर निघत नाहीं. त्यास आंकडा लागतो.

तो आंकडा जमविण्यास आमचे विद्यार्थी पुरेसे आहेत. सुटींत पुष्कळजण आजोळीं जातात. तेथील विहिरीवर, कोणी वडील मनुष्य जवळ असतां, हातहात अंतरावर गांठी मारलेला व टोकास दगड बांधलेला दोर आंत सोडावा. काठापासून पाण्यापर्यंत किती गांठी लागल्या तें दर रविवारीं तारखेसह वहींत लिहावें. जूनमध्यें शाळा उघडेल तेव्हां त्या वह्या भूगोलाच्या तासाला आणाव्या.