मिरची पाच

आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात पाच किलो हिरवी मिरची आली. मागवली कोणी? कोणीच नाही. चौकशीअंती गुन्हेगार निघाला तो माझ्या भाच्याने तयार केलेला एजंट. (एजंट म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे विम्याचा माणूस येतो. हा तो नव्हे, हा यंत्रातला.) बिऱ्हाडांनी आपापली भाजी फोनवर कळवायची, एजंटाने यादी करून मंडईतल्या गाळ्यावर पाठवायची, अशी योजना होती. कोणीतरी लिहिलं, 'मिरची ५'. म्हणजे पाच रुपयांची. एजंटाने किलो धरले. चार दिवस सगळी इमारत ठेचा खात होती आणि शिंकत होती.

पुढच्या आठवड्यात चिटणीसांनी त्याला सांगितलं, "यादी काढ." त्याने ती काढूनच टाकली!

"मामा, मॉडेल कच्चं आहे," भाचा म्हणाला. "पुढची आवृत्ती आली की त्याला आपोआप समजेल."

माझं भांडण आहे ते इथे. म्हटलं, "नवी आवृत्ती काढायचीच तर तुझ्या लिखाणाची काढ!"

कारण त्याने एजंटासाठी काय लिहून ठेवलं होतं, ते मी वाचलं. एजंटाच्या हाती काही टूल्स दिलेली असतात. टूलच्या पोटात काय आहे ते त्याला सहसा दिसत नाही. दिसतं ते नाव, वर्णन आणि आत काय घालायचं त्याचे रकाने. भाच्याच्या टूलचं नाव 'यादी काढा'. वर्णन, 'यादी काढते'. दुसऱ्या टूलचा रकाना, 'प्रमाण: आकडा'. संपलं शास्त्र! अहो, मराठीत दुकान काढलं म्हणजे उघडलं. मुलाने नाव काढलं तर पेढे वाटतात आणि यादीतून नाव काढलं तर कोर्टात जातात. यातलं कुठलं 'काढणं', हे त्या बिचाऱ्याने कशावरून ओळखायचं?

तुम्ही म्हणाल, मंडईत कुठे काय लिहिलेलं असतं? खरं आहे. उंच ओट्यावर बसलेल्या मावशींना विचारावं, "भेंडी कशी?" उत्तर येतं, "वीसला." वीस कशाचे? पाव किलोचे. हे पुणेकर आईचं बोट धरून शिकतो. ही इमारत १८८६ साली उभी राहिली तेव्हा रे मार्केट होती, आता महात्मा फुले मंडई आहे आणि आपण नुसतं 'मंडई' म्हणतो. घोटाळा होत नाही, कारण आपण इथले. एजंट इथला नाही. तो कुठलाच नाही! शिवाय 'मिरची पाच' म्हटलं तर मावशी म्हणतात, "पाचची काय येतीय दादा, दहाची घ्या." त्या विचारतात. एजंटही विचारेल, पण 'शंका आली तर विचार' हे त्याला कोणी सांगितलंय?

जगात याला शिस्त लावायचे प्रयत्न चालू आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला. एजंट कोणाचाही असो आणि टूल कोणाचंही, एकाच पद्धतीने जोडता यावं हा हेतू. टूल नुसतं बघणारं की काही पुसणारं, हे नोंदवायलाही त्यात पुढे जागा झाली. पण रकाना आहे म्हणून मजकूर आपोआप उमटत नाही. सरकारी फॉर्म भरलेल्या माणसाला हे सांगायला नको.

माझं ऐकून भाच्याने सूड म्हणून दोन पानं वर्णन लिहिलं. तेही चूक! एजंटाला सगळ्या टूल्सची वर्णनं डोक्यावर घेऊन काम करावं लागतं. ओझं वाढलं की हवं तेच नेमकं हरवतं.

आदर्श हवा असेल तर पुणेरी पाटी वाचा. काय मिळेल, केव्हा मिळेल, काय मिळणार नाही आणि तरी विचारलंत तर काय होईल, हे सगळं चार ओळींत. लोक तिला उद्धटपणा म्हणून हसतात. माझ्या मते जगातलं उत्तम डॉक्युमेंटेशन ते हेच!

मग आम्ही दोघांनी बसून पाटी रंगवली. 'यादी पुसा: संपूर्ण यादी कायमची जाते. बघण्यासाठी हे वापरू नये, "यादी दाखवा" वापरावे. पुसण्यापूर्वी चिटणीसांना विचारावे.' आणि खाली, 'प्रमाण: किलोमध्ये, पालेभाजी जुडीत. नुसता आकडा आल्यास अंदाज करू नये, विचारावे.'

मॉडेल तेच होतं. रविवारी त्याने विचारलं, "मिरची ५ म्हणजे रुपये की किलो?" भाचा गप्प बसला. मला त्या दिवशी चहा दोनदा मिळाला.

परवा पिशवी हातात देत बायको म्हणाली, "नेहमीचं आणा."

मी म्हटलं, "नेहमीचं म्हणजे काय? प्रमाण किती?"

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "मिरची सोडून काहीही."