रेस एकदाच द्या!

दर वीकेंडला कुणी ना कुणी मला सांगतंच, "अरे, वळणात रेस लवकर द्यायला शीक, टाइम आपोआप खाली येईल." ऑफिसातला शेजारी सांगतो, ऑनलाइन शर्यतीत मागून येऊन धडकणारा सांगतो, आणि अक्कलकुव्याचा माझा मामेभाऊ तर फोनवर "हॅलो"च्या आधी सांगतो. तर मंडळी, आज स्पष्टच लिहितो. हा सल्ला चुकीचा आहे. नुसता चुकीचा नाही, घातक आहे. घातक कसा ते पुढे येईलच, आधी कॉम्प्युटरवरच्या गाडीचं बघू.

मुळात वळणातून बाहेर पडतानाचा वेग महत्त्वाचा, याबद्दल वाद नाही. साधा हिशोब करा. पुढे ६०० मीटरचा सरळ पट्टा आहे, गाडीचा वेग दर सेकंदाला ३ मीटरने वाढतोय असं धरा. ताशी ९० ऐवजी ९५ किलोमीटरने बाहेर पडलात, तर पट्टा संपेपर्यंत पाव सेकंदाहून जास्त वाचतो. उलट छाती फुगवून पाच मीटर उशिरा ब्रेक मारलात, तर मिळतात फार तर काही शतांश. म्हणजे ज्या पराक्रमाच्या आपण ऑफिसात गप्पा मारतो त्याची किंमत चिल्लर, आणि खरी कमाई बाहेर पडताना!

पण म्हणून "लवकर दाबा"? छे! टायरची पकड म्हणजे आपला पगार आहे हो. ठरलेला. वळण्याचा हप्ता त्यातूनच जातो आणि वेग वाढवायचा खर्चही त्यातूनच. स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना जवळजवळ सगळा पगार हप्त्यातच गेलेला असतो. तेव्हा पाय दाबला की मागच्या चाकांवर चालणारी गाडी शेपूट फिरवते. पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर सरळ बाहेर सरकत जाते. मग काय? घाबरून पाय काढायचा, गाडी सावरायची, पुन्हा दाबायचा. लवकर दाबल्याचं समाधान मिळतं, वेग मिळत नाही.

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आठवतंय ना? २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीनच वर्षी तिथे फॉर्म्युला वन झालं आणि तिन्ही वेळा फेटल जिंकला. त्याची हौशी लोकांनी बनवलेली आवृत्ती मी 'असेटो कोर्सा'मध्ये चालवतो. तिथलं तिसरं वळण हळू, आणि त्यानंतर किलोमीटरभराहून लांब पट्टा. महिनाभर मी तिथे अडकलो होतो. शेवटी पेडलचा आलेख काढून बघितला (इतकी वर्षं लोकांचे लॉग वाचून पोट भरतोय, स्वतःचा वाचायला महिना लागला!). आलेखात एका टेकडीऐवजी दोन टेकड्या. दाबलं, सोडलं, दाबलं.

मग एकच नियम केला: एका वळणात रेस एकदाच द्यायची. दिली की काढायची नाही. काढावी लागली तर पहिली वेळ चुकली, बास. आत शिरताना थोडा जास्त वेग कमी केला, गाडीचं तोंड वळेपर्यंत थांबलो, आणि स्टिअरिंग जसं उघडत गेलं तसा पाय खाली नेला. पाय पूर्वीपेक्षा उशिरा खाली गेला, पण पट्ट्याच्या शेवटी वेग जास्त! वेग थांबण्यातून आला, हे पचायला मला दोन दिवस लागले.

आता घातक कसं ते. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोईचा घाट लागतो. गेल्या होळीला काठीला निघालो होतो, गाडी मामेभावाकडे. "दादा, आता एक्झिट बघ!" म्हणत त्याने पुढचं न दिसणाऱ्या वळणात रेस दिली. गाडी बाहेर सरकली आणि समोरून माणसांनी भरलेली पिकअप. त्या ड्रायव्हरकाकांनी हॉर्न देत दुसऱ्या गिअरवर गाडी हळूच आणली होती, म्हणून वीतभर अंतरावर निभावलं. त्यांनी काच खाली करून एवढंच विचारलं, "घाई होती का भाऊ?" आम्ही दोघंही गप्प. मोलगीपर्यंत कुणी बोललं नाही.

"खेळामुळे पोरं बिघडतात," असं आता काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. खेळाने त्याला थांबायला शिकवलं असतं, त्याने खेळातला अर्धाच धडा उचलला. ट्रॅकवर बाहेर पडताना पूर्ण रुंदी वापरायची असते, कारण समोरून कुणी येत नाही आणि चुकलं तर एका बटणात गाडी पुन्हा जागेवर. घाटात ती बाहेरची अर्धी रुंदी दुसऱ्याची असते, त्याच्या पिकअपमधल्या बायकापोरांची असते. तिथे एक्झिट स्पीड ही गोष्टच नाही. घाटात नेण्यासारखं एकच आहे: पुढचं दिसेपर्यंत आणि गाडी सरळ होईपर्यंत पाय आवरणं. काकांना ते कुठल्याही सिम्युलेटरशिवाय येत होतं.

असो. मामेभाऊ दिवाळीत पुण्याला येतोय. आल्या आल्या त्याला तिसऱ्या वळणावर बसवणार आहे, आलेखात एकच टेकडी दिसेपर्यंत. तुम्हालाही माझं म्हणणं पटत नसेल, तर आधी स्वतःचा आलेख काढा, टेकड्या मोजा, मग खुशाल भांडू!