तंग आवळण्याआधी

खोगिराचा तंग आवळायला घेतला की घोडा कान मागे टाकतो, शेपूट झटकतो, मान वळवून चावायला येतो. पागेतला कोणीतरी लगेच म्हणतो, ‘खोडच आहे त्याला.’ हा शिक्का मला मान्य नाही. दुखणं नाही ना, हे तपासल्याशिवाय खोडीची भाषा कुणी करू नये.

तंगाचा पट्टा पुढच्या पायाच्या कोपरामागे बसतो. माशी बसली तरी थरथरणारी ती कातडी. वाळलेल्या घामाने कडक झालेला पट्टा तिथे घासतो, दुमडलेली कातडी चिमटते. आणखी एक कारण डोळ्यांना दिसत नाही. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरतं, पोटात चारा असो वा नसो. जठराच्या वरच्या भागाला त्यापासून पुरेसं संरक्षण नसतं, म्हणून तासन्‌तास उपाशी ठेवलेल्या घोड्याला अल्सर होऊ शकतो. मग पशुवैद्याला बोलावायचं सोडून आपण घोड्यालाच दरडावतो. ‘मुद्दाम फुगतो’ म्हणून पोटात गुडघा मारणारे तर मला बघवत नाहीत. पुढच्या कळेच्या धास्तीने तो अंग ताठ करतो. गुडघा बसला की पुढल्या खेपेला आणखी आधीपासून ताठरतो.

दुखणं नाही अशी खात्री झाली की काम सुरू होतं, आणि ते सावकाशीचं आहे. आधी खोगीर नकोच. तंगाच्या जागी नुसता तळहात ठेवा. घोडा शांत आहे तोवरच हात काढून घ्या. त्याने कान पाडल्यावर काढलात तर कान पाडले की सुटका होते, एवढंच तो शिकेल. मग तिथे फडकं, मग हाताने धरलेला पट्टा, हलका ताण, लगेच सैल. त्याने मान खाली सोडली, फुरफुरून श्वास टाकला, की पुढे जायचं. खोगीर चढवायच्या दिवशी आधी मूठभर गवत द्या, खरारा करा, तंग घसरणार नाही इतपतच लावा. थोडं चालवा. मग एक भोक डावीकडे, एक उजवीकडे, असा तंग आवळत न्या. पुढचे पाय एकेक करून हलकेच पुढे ओढलेत तर अडकलेली कातडी मोकळी होते. बसण्यापूर्वी पुन्हा पाहा, कारण सैल तंगाने खोगीर फिरलं तर स्वार पडतो आणि घोडा बिथरतो.

माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटारी जात नाहीत, त्यामुळे आपल्यातले अनेकजण पहिल्यांदा घोड्यावर बसतात ते तिथेच. माणूस बदलला की त्या घोड्याचा तंग पुन्हा तपासावा लागतो, घट्ट करावा लागतो. घोडेवाले दादा त्यात वेळ घेत असतील तर ‘चला लवकर’ म्हणू नका. वाटेत थांबून तंग पाहायचा म्हणाले, तर खाली उतरा आणि त्यांना तो दोन्ही बाजूंनी नीट पाहू द्या.