छेद लहान, दुखणे मोठे

'बिनटाक्याचे ऑपरेशन' हा शब्द आपल्याकडे खेड्यापाड्यांत पोहोचला तो कुटुंबनियोजनाच्या शिबिरांमधून. पुढे पित्ताशयातले खडे, अपेंडिक्स असे करत दुर्बिणीची शस्त्रक्रिया घरोघरच्या ओळखीची झाली. आता लहान छेदाची ही पद्धत मोडलेल्या गुडघ्यापर्यंत आली आहे. पेशंटला भेटायला जाणारी मंडळी पायावरची पट्टी बघतात आणि हमखास म्हणतात, "एवढंसंच कापलंय की हो! पंधरा दिवसांत शेतात जाल." या आपुलकीच्या वाक्याची मला भीती वाटते.

मी डॉक्टर नाही. निम्मे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले आणि उरलेले कादंबऱ्या लिहिण्यात. पण हिंगोली-परभणीकडच्या शाखांमधून नोकरी केलेल्या माणसाला शेतीचा हिशेब आणि दवाखान्याचा हिशेब वेगळा काढता येत नाही. पीककर्ज म्हणून उचललेली रक्कम बियाण्याच्या दुकानाऐवजी दवाखान्यात गेल्याचे किती वेळा पाहिले, त्याची मोजदाद नाही. १९८५च्या सुमारास आमच्या शाखेत एक शेतकरी यायचे. बैलगाडीवरून पडून गुडघ्यापाशी हाड मोडले, तीन महिने मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. हाड सांधले, गुडघा मात्र आखडला तो आखडलाच. बाकावर बसले की पाय पुढे ताठ, जाणारे-येणारे त्याला अडखळायचे. लग्नाच्या पंगतीत बसणे त्यांनी सोडून दिले होते. त्या काळी नांदेडला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही नव्हते. ते १९८८ साली झाले.

गुडघा मोडला म्हणतो तेव्हा मोडते काय? मांडीच्या हाडाचे खालचे टोक, नडगीच्या हाडाचा वरचा सपाट माथा किंवा पुढची वाटी. यांतला नडगीचा माथा फार नाजूक. रस्त्याने चाललेल्या माणसाच्या गुडघ्याला गाडीचा बंपर बाजूने बसला की मांडीच्या हाडाचा गोल गड्डा त्या सपाट माथ्यात घुसतो. ओल्या सारवणात वरवंटा दाबावा तसा खळगा पडतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९२९ सालीच या दुखापतीला मोटारीच्या मडगार्डवरून नाव देऊन टाकले होते. आपल्याकडे मोटारी कमी होत्या म्हणून ती उशिरा आली इतकेच. आज अकोला-नांदेड रस्त्यावर भरधाव गाड्या, मोटारसायकली आणि सोयाबीनने भरलेले ट्रॅक्टर एकत्र धावतात.

वृत्तपत्रांतून आपल्याला गुडघ्याचे ऑपरेशन कळले ते मात्र वेगळेच. २००० साली पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा मुंबईच्या ब्रीच कँडीत बदलला गेला आणि तेव्हापासून गुडघ्याचे ऑपरेशन म्हणजे गुडघा बदलणे असे समीकरण झाले. झिजलेला सांधा बदलणे निराळे आणि मोडलेला सांधा वाचवणे निराळे. चाळिशीतल्या शेतमजुराचा गुडघा शक्यतो बदलायचा नसतो, त्याचा त्याला परत मिळवून द्यायचा असतो.

आणि आपल्याला लागणारा गुडघाही जरा जास्तीचा लागतो. खुर्चीवर बसायला काटकोन पुरतो. पण हळदीच्या रानात खुरपायला, गाईची धार काढायला, चुलीपुढे बसायला, मांडी घालून जेवायला त्याच्या खूप पुढे वाकणारा गुडघा हवा. औंढ्याच्या नागनाथाचे दर्शन घ्यायचे तर अरुंद पायऱ्यांनी अंग चोरून, वाकून भुयारासारख्या गाभाऱ्यात उतरावे लागते. ताठ पायाच्या माणसाने देव बाहेरूनच पाहायचा. वसमतच्या हळदीच्या शिवारात रोजाने जाणारी बाई उकिडवी बसू शकली नाही, तर तिचा एक्स-रे कितीही सुंदर असो, तिचा रोज गेला.

लहान छेदाचे मोल इथे आहे. १९५८ साली स्वित्झर्लंडमधल्या काही सर्जनांनी 'एओ' नावाचा गट काढला. मोडलेली हाडे तंतोतंत जुळवा, पट्टी आणि स्क्रूने पक्की बसवा, हाडाचा रक्तपुरवठा जपा आणि सांधा लवकर हलवा, ही त्यांची शिकवण. पण तंतोतंत जुळवायचे तर सगळे डोळ्यांसमोर हवे, म्हणून वीतभर चिरा घेतल्या जात आणि तिसरे सूत्र मागे पडे. हाडाला रक्त मिळते ते त्याच्या पातळ आवरणातून आणि चिकटलेल्या स्नायूंतून. ते सोलून काढले की तुकडे दिसतात छान, पण उपाशी पडतात. शिवाय नडगीवर पुढच्या बाजूला कातडीखाली मांस जवळजवळ नाहीच. सुजलेली कातडी चिरली की ती मरायची, जखम उघडी राहायची, पू व्हायचा. लिंबाचे रोप दुसरीकडे लावताना मुळाभोवतीचा मातीचा गड्डा फुटू न देण्याची काळजी आपला कोणताही शेतकरी घेतो. हाडाच्या बाबतीत ही काळजी रुजायला सर्जनांना १९९०चे दशक उजाडावे लागले. जर्मनीत हॅनोव्हरच्या क्रेटेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-तीन बोटांच्या छेदातून पट्टी स्नायूखालून सरकवण्याची रीत रूढ केली. स्क्रू बारीक छिद्रांतून जातात आणि सर्जनचे डोळे सी-आर्म या चालत्या एक-रे यंत्राच्या पडद्यावर असतात. नडगीचा खचलेला माथा खालून लहानशी खिडकी पाडून, मोटारीला जॅक लावावा तसा वर उचलतात आणि पोकळीत बहुधा कमरेच्या हाडाचा चुरा भरतात. काही वेळा सांध्यात दुर्बीण घालून माथा सपाट झाला की नाही हेही पाहतात.

हे झाले कौशल्याचे. यातला मला सर्वांत आवडलेला भाग मात्र थांबण्याचा आहे. मार जबर असेल तर चांगला सर्जन पहिल्याच दिवशी पट्टी टाकत नाही. बाहेरून सळ्यांची चौकट लावून पाय स्थिर करतो आणि आठवडा, दोन आठवडे वाट पाहतो. सूज उतरून कातडीवर सुरकुत्या दिसू लागल्या की मग ऑपरेशन. नातेवाइकांना हे दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. "नुसतं झोपवून ठेवलंय, बिल वाढवतायत," अशी कुजबुज सुरू होते. रागावून पेशंट दुसरीकडे हलवण्याआधी त्या सुरकुत्यांबद्दल डॉक्टरांना एकदा विचारावे.

याउलट काही गोष्टींत तासभरही थांबता येत नाही. पाऊल थंड पडले, नाडी लागेना, बोटे नुसती हलवली तरी असह्य कळ येते, पोटरी दगडासारखी टणक झाली, तर रक्तवाहिनी तुटली असेल किंवा आतला दाब वाढून स्नायू गुदमरत असतील. काही तासांत पाय हातचा जातो. अशा पायावर हळदीचा लेप, चोळणे आणि बांबूच्या कामट्यांची करकचून पट्टी म्हणजे संकटाला आमंत्रण. परंपरेबद्दल मला आदर आहे, हळदीबद्दल तर आम्हा हिंगोलीकरांना अभिमानच आहे, पण ती जागा तिची नव्हे. पाय आहे तसा फळीला सैलसर बांधावा आणि गाडी काढावी. हिंगोलीहून नांदेड सुमारे नव्वद किलोमीटर आहे; चोळण्यात घालवलेली रात्र त्या अंतरात मिळवावी लागते.

आता दुसरी बाजू. लहान छेद हे काही व्रत नव्हे. सांध्याचा माथा जुळला नाही, दोन-तीन मिलिमीटरची पायरी राहिली किंवा मांडीचे हाड पडद्यावर सरळ दिसूनही प्रत्यक्षात पिळलेले बसले, तर सुबक व्रण घेऊन माणूस लंगडतो. काही तुकडे उघडूनच जुळवावे लागतात आणि हे सांगणारा सर्जन मागासलेला नसतो. पाटीवरचे 'छोटा छेद' हे शब्द पाहून दवाखाना निवडण्यापेक्षा 'सी-आर्म आहे का, अशी ऑपरेशने आपण नेहमी करता का, उघडावे लागेल का' असे विचारणे बरे. कर्ज देताना आम्ही याहून जास्त प्रश्न विचारत होतो.

खर्चाचेही बोलले पाहिजे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने गरिबांचा मोठा भार उचलला आहे. दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. २०१७ साली केंद्राने गुडघा बदलण्याच्या सांध्यांच्या किमतींना लगाम घातला, पण तो आदेश बदलायच्या सांध्यांपुरता होता, मोडक्या हाडाच्या पट्ट्या-स्क्रूंना नव्हता. आणि माणसाचा बुडालेला रोज तर कोणत्याच पॅकेजात बसत नाही. नडगीचा माथा मोडला की साधारण दहा-बारा आठवडे त्या पायावर पूर्ण वजन टाकायचे नसते. पट्टी हाडाला धरून ठेवते, हाड जुळून येण्याचा काळ कमी करत नाही. म्हणून ते 'पंधरा दिवसांत शेतात' भयंकर आहे. सोयाबीनची काढणी आली की माणूस घरी राहत नाही. त्याला आळशी म्हणणारे शेजारी असतात, पण ऑपरेशननंतर बाराव्या आठवड्यापर्यंत त्याच्या घरचे काम कोण करील, हे विचारणारे थोडे.

गंमत अशी की, वजन टाकायचे नसले तरी गुडघा वाकवायचा मात्र पहिल्या काही दिवसांपासून. त्यासाठीच तर एवढा खटाटोप. आपल्याकडे नेमके उलटे होते. भीतीने गुडघा उशीवर जपून ठेवतात आणि निकड आली की त्याच पायावर उभे राहतात. मग पट्टी वाकते, गुडघा आखडतो आणि ते प्लास्टरवाले शेतकरी नव्या तंत्रज्ञानासह पुन्हा जन्माला येतात. व्यायाम शिकवायला फिजिओथेरपिस्ट लागतो. सेनगावच्या पलीकडच्या खेड्यातल्या माणसाने त्यासाठी दर दोन दिवसांनी नांदेडला जायचे हे कोणाच्याही आवाक्यातले नाही.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे होते. इमारती, यंत्रे, खाटा यांची चर्चा होत राहील आणि व्हायलाही हवी. माझी मागणी फार छोटी आहे. औंढा, सेनगाव, कळमनुरी, वसमत इथे आठवडी बाजाराच्या दिवशी महाविद्यालयाने एक फिजिओथेरपिस्ट पाठवावा. बाजारासाठी माणसे येतातच, येणाऱ्या जीपमध्ये एखादा कुबडीवाला सहज बसतो. सामान फारसे लागत नाही: एक पलंग, धरून उभे राहायला एक आडवा दांडा, गुडघा किती वाकतो ते मोजायचा कोनमापक आणि प्रत्येकाच्या नावापुढे दर आठवड्याचा आकडा लिहायला एक वही.