इंजेक्शनला नकार कोणाचा?

प्रति,
मा. जिल्हा शल्य चिकित्सक आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक,
जिल्हा सामान्य रुग्णालय, हिंगोली.

विषय : स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना दीर्घकाळ परिणाम करणारी इंजेक्शने देऊ करण्याबाबत.

महोदय,

सेनगाव असो की कळमनुरी, ताप आलेला माणूस दवाखान्यातून नुसत्या गोळ्या घेऊन निघाला तर त्याचे समाधान होत नाही. ‘सुई टोचा, त्याबिगर उतरत नाही’ हा आग्रह ठरलेला, आणि अंगात त्राण नसेल तर सलाइनही हवेच. सुईवर एवढा विश्वास असलेल्या या मुलखात कोणाला स्किझोफ्रेनिया झाला, की मात्र मानसोपचाराच्या वर्तुळातले एक ठरलेले वाक्य पुढे येते : रुग्ण इंजेक्शनला तयार होत नाहीत. हे पत्र त्या वाक्याची उलटतपासणी करण्यासाठी आहे.

ही इंजेक्शने काही कालपरवाची नाहीत. फ्लुफेनाझिनचे पहिले दीर्घकालीन इंजेक्शन १९६०च्या दशकातले. फ्लुफेनाझिन डेकानोएट आणि त्यानंतर आलेले हॅलोपेरिडॉल डेकानोएट ही औषधे चक्क तिळाच्या तेलात विरघळवलेली असतात. स्नायूत खोलवर टोचलेले हे तेलातले औषध थोडेथोडे रक्तात उतरत राहते. त्यामुळे फ्लुफेनाझिन दोन ते चार आठवड्यांतून एकदा आणि हॅलोपेरिडॉल महिन्यातून एकदा दिले तरी पुरते. नवी इंजेक्शने त्यापुढे गेली आहेत. पॅलिपेरिडोनचे महिन्याचे इंजेक्शन २००९ मध्ये, तर तीन महिन्यांचे २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. पण त्यांची किंमत हजारांत जाते. हिंगोलीच्या कामाची आहेत ती जुनी, स्वस्त आणि फ्रीजशिवाय टिकणारी.

हे इंजेक्शन देण्याची रीत पाहिली तर त्यात अवघड असे काही नाही. औषध तेलकट असल्याने सुई जरा जाड लागते आणि सिरिंज सावकाश भरते. सिस्टर कुल्ल्याच्या स्नायूत ते तितकेच सावकाश सोडते, जागा चोळत नाही, कार्डावर पुढची तारीख लिहून देते. लसीकरणाच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टरच्या हातून याहून नाजूक कामे होत असतात.

आता गोळ्यांचे घराघरात काय होते ते पाहू. पहिले दोन महिने गोळ्या नेमाने चालतात. माणसाला झोप लागते, कानातले आवाज थांबतात, तो पुन्हा हळदीच्या खुरपणीला जाऊ लागतो. मग घरातलेच कोणी म्हणते, आता बरा आहे, कशाला रोज झोपेच्या गोळ्या? त्याला स्वतःला तर आपण आजारी होतो हेच पटलेले नसते, कारण तसे न पटणे हा या आजाराचाच एक भाग आहे. पाकीट देवळीत पडून राहते. गोळ्या नेमक्या कोणत्या दिवशी बंद झाल्या हे आईला माहीत नसते आणि डॉक्टरला कळण्याचा तर प्रश्नच नाही. आजार लगेच उलटत नाही. काही आठवडे, कधी काही महिने सगळे ठीक चालते आणि म्हणूनच गोळ्या सोडल्याचा आणि आजार उलटल्याचा संबंध घरच्यांना लागत नाही. मग करणी, भानामती, बाहेरची बाधा ही जुनी उत्तरे पुढे येतात आणि बुलढाण्यातल्या सैलानीच्या दर्ग्याची वाट धरली जाते.

काही घरांत तिसराच मार्ग निघतो. गोळी कुटून चहात नाहीतर वरणात मिसळतात. हेतू प्रेमाचाच असतो, पण ज्या आजारात ‘माझ्या जेवणात काहीतरी कालवतात’ असा संशय माणसाला छळतो, त्याच आजारात खरोखरच कालवले जाते. ते उघडकीला आले की त्या घरातला विश्वास पुन्हा उभा करणे फार अवघड होऊन बसते.

गोळ्या सुटतात त्या काही केवळ खेड्यातल्या अडाणीपणामुळे नाही. फिनलंडसारख्या देशात, जिथे प्रत्येक प्रिस्क्रिप्शनची सरकारी नोंद होते, स्किझोफ्रेनियासाठी पहिल्यांदाच रुग्णालयात राहून आलेल्या २,५८८ जणांचा माग काढला गेला. घरी गेल्यावर ३० दिवस किंवा त्याहून अधिक काळ औषध चालू ठेवणारे निम्म्याहूनही कमी निघाले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच अभ्यासात, इंजेक्शन घेणाऱ्यांना पुन्हा दाखल व्हावे लागण्याचा धोका त्याच औषधाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या सुमारे एक तृतीयांश दिसला. अर्थात सगळे पुरावे एकाच बाजूचे नाहीत. त्याच वर्षी अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या चाचणीत रिस्पेरिडोनचे इंजेक्शन गोळ्यांपेक्षा सरस ठरले नाही. मात्र अशा चाचण्यांत सामील झालेल्या रुग्णाला तारखेची आठवण केली जाते, त्याची वारंवार चौकशी होते. सेनगाव तालुक्यातल्या वाडीवर गोळी चुकवणाऱ्याच्या दारी अशी चौकशी करायला कोण जाणार? इंजेक्शनचा मोठा फायदा औषधाच्या ताकदीइतकाच नोंदीत आहे. माणूस ठरल्या तारखेला आला नाही, तर ते त्याच दिवशी कळते आणि अंगातले औषध सावकाश उतरत असल्याने त्याला गाठायला काही दिवस हाताशी राहतात.

मग नकार येतो कुठून?

स्वित्झर्लंडमध्ये रुग्ण, नातेवाईक आणि मानसोपचारतज्ज्ञ या तिघांनाही याविषयी विचारले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सुमारे दोन तृतीयांश रुग्णांनी सांगितले, की अशा इंजेक्शनबद्दल त्यांच्या डॉक्टरने त्यांना कधी काही सांगितलेच नव्हते. पहिल्या झटक्यानंतर लगेच ते देऊ करणारे डॉक्टर दहा टक्क्यांहूनही कमी होते. अमेरिकेत काही वर्षांनी संशोधकांनी डॉक्टर-रुग्णांची संभाषणेच टिपून तपासली. भेटीत इंजेक्शनला होकार देणारे जेमतेम एक तृतीयांश निघाले. भेटीनंतर त्याच रुग्णांशी निवांत बोलून, फायदे-तोटे नीट समजावून विचारले, तेव्हा बहुतेक सगळे करून पाहायला तयार होते. तिथल्याच एका मोठ्या चाचणीसाठी आधी डॉक्टर-नर्सना हा विषय कसा काढावा याचे प्रशिक्षण दिले गेले. त्यानंतर आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या तरुण रुग्णांपैकी सुमारे १४ टक्क्यांनीच इंजेक्शनच्या कारणावरून नाही म्हटले.

थोडक्यात, रुग्णाच्या नावावर खपणाऱ्या नकारातला बराचसा वाटा टेबलाच्या डॉक्टरकडच्या बाजूचा आहे. यात डॉक्टरांना खलनायक ठरवायचे नाही. ओपीडीत बाहेर रांग लागलेली असताना एका रुग्णाला जेमतेम काही मिनिटे मिळतात, आणि तेवढ्यात ‘गोळ्या चालू ठेवा, महिन्याने या’ एवढेच बोलणे होते. शिवाय त्यांच्या शंकाही खऱ्या आहेत. गोळीचा त्रास झाला तर गोळी थांबवता येते, टोचलेले औषध मात्र परत काढता येत नाही. जुन्या इंजेक्शनांनी अंग ताठते, हात थरथरतात, एका जागी बसवत नाही. दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या तोंडाच्या-जिभेच्या नको त्या हालचाली सुरू होतात. म्हणूनच आधी तेच औषध गोळीच्या रूपात देऊन ते सोसते का हे पाहायचे आणि ताठरपणावर ट्रायहेक्सिफेनिडिल हाताशी ठेवायचे, हा नियम आहे. तो पाळायला वेळ हवा, आणि घाई तर तो वेळच गिळते.

रुग्णांची भीती वेगळी आहे, आणि ती सुईची नाही. अनेकांना आयुष्यातले पहिले मानसोपचाराचे इंजेक्शन मिळालेले असते ते चौघांनी हातपाय धरून, आजार ऐन भरात असताना. ते इंजेक्शन वेगळे असते, तेवढ्यापुरते शांत करणारे. पण रुग्णाच्या लेखी सुई ती सुईच, आणि ती शिक्षा म्हणून मिळालेली. स्विस पाहणीतही रुग्णांना, नातेवाइकांना आणि डॉक्टरांनाही हीच धास्ती होती, की इंजेक्शनमुळे माणसाच्या हातातला निर्णय जातो. पुण्याची बापू ट्रस्ट सक्तीच्या उपचारांविरुद्ध वर्षानुवर्षे बोलत आली आहे. त्यांची सगळी मते पटोत न पटोत, ही हरकत बाजूला सारण्याजोगी नाही. घरच्यांना सोयीचे म्हणून, न विचारता टोचलेले महिन्याचे औषध हे चहातल्या गोळीचेच मोठे भावंड ठरेल.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये, जो २९ मे २०१८ पासून लागू आहे, याला वाट आहे. माणूस बरा असताना आपल्याला पुढे कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आगाऊ लिहून ठेवू शकतो, आणि आपल्या वतीने बोलायला एखाद्याला प्रतिनिधी नेमू शकतो. ‘आजार उलटला तर मला हे इंजेक्शन द्या, पण दाखल करण्याआधी माझ्या बहिणीला विचारा’ अशी चिठ्ठी हिंगोलीतल्या किती रुग्णांकडून लिहून घेतली गेली? याच कायद्याच्या कलम १८ नुसार अत्यावश्यक यादीतली औषधे सरकारी दवाखान्यांत ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर, कायम, मोफत मिळाली पाहिजेत. फ्लुफेनाझिनचे दीर्घकालीन इंजेक्शन जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहे आणि आपल्या राष्ट्रीय यादीतही फ्लुफेनाझिन आहे. म्हणजे सेनगावच्या किंवा औंढ्याच्या रुग्णाने त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी यावे, ही अपेक्षाच कायद्याला धरून नाही. वसमतकराला तर हिंगोलीपेक्षा नांदेड जवळचे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीत, मराठवाड्यात एकही नाही. जे काही व्हायचे ते इथल्याच सिस्टरच्या आणि आशाताईच्या हातून होणार.

आणि त्या हातांना सवय आहे. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रेरणा प्रकल्पातल्या चौदा जिल्ह्यांत हिंगोली होता. आशाताई तेव्हापासून घरोघर जाऊन नैराश्याची विचारपूस करत आल्या आहेत. पण गोठ्याशेजारच्या खोलीत एकटाच पुटपुटत बसणारा भाऊ त्या प्रश्नांच्या चाळणीतून निसटतो. सातारा, गोवा आणि तमिळनाडूत झालेल्या आणि २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २८२ रुग्ण होते. त्यात स्थानिक, बिगर-डॉक्टर कार्यकर्त्यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या घरी जाऊन आधार दिला. फरक पडला, फार मोठा नाही पण पडला.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत झाले, त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यातले सायकोसिसचे सुमारे ०.४ टक्के हे प्रमाण हिंगोलीच्या प्रौढ लोकसंख्येला लावले (२०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची एकूण लोकसंख्या ११,७७,३४५), तर तीन हजारांच्या आसपास माणसे येतात. एवढ्या लोकांची यादी तालुकावार करणे जिल्ह्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.

तेव्हा मागणी अशी. पाचही तालुक्यांतल्या सरकारी रुग्णालयांत महिन्यातला एक वार या इंजेक्शनसाठी ठरवावा, त्याचा साठा किती आणि किती जण ते घेतात हा आकडा दर तिमाहीस जाहीर करावा. प्रत्येक रुग्णाला, पहिल्या झटक्यानंतरही, गोळी आणि इंजेक्शन दोन्ही पर्याय तोट्यांसकट सांगितले गेले, अशी नोंद केसपेपरवर असावी आणि त्याखाली रुग्णाचा स्वतःचा होकार किंवा नकार त्याच्या शब्दांत लिहावा. २०२४ मध्ये हिंगोलीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथल्या विद्यार्थ्यांना हा विषय रुग्णापुढे कसा काढायचा, याचा सराव पहिल्यापासून द्यावा.

आणखी एक, तातडीचे. दसरा-दिवाळीनंतर जिल्ह्यातून माणसे ऊसतोडीला आणि वीटभट्ट्यांवर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. एवढ्या काळात गोळ्या सुटतात, तारखाही सुटतात. त्यांच्यासाठी औषधाचे नाव, मात्रा, शेवटची आणि पुढची तारीख लिहिलेले मराठी कार्ड निघावे, ते राज्यातल्या कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात चालावे, आणि मागे टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापलेला असावा. टोळ्या गाव सोडण्याआधी ही कार्डे हातात पडली तर याच हंगामात उपयोगी येतील.

कळावे.