अन्नापासून मनापर्यंत

मायकेल पोलन हें नांव आमच्या कांहीं वाचकांच्या कानांवरून गेलेलें असेल. १९५५ सालीं जन्मलेल्या ह्या अमेरिकन लेखकाचें पहिलें पुस्तक १९९१ सालीं निघालें, तें कनेक्टिकट संस्थानांतील स्वतःच्या बागेविषयीं. भाजीचे वाफे फस्त करणाऱ्या एका प्राण्यास हुसकावण्यासाठीं ह्या गृहस्थांनीं त्याच्या बिळांत पेट्रोल ओतून तें पेटविलें, आणि बागच भस्मसात् व्हावयाची वेळ आणली! निसर्गाचे भाट पुष्कळ. त्याच्याशीं झालेलें भांडण इतक्या मोकळेपणानें सांगणारा विरळा.

२००१ सालीं सफरचंद, ट्यूलिप, गांजा व बटाटा ह्यांवर लिहितांना त्यांनीं प्रश्नच उलटा केला : आपण वनस्पतींस राबवितों, कीं आपली हांव ओळखून त्याच आपणांस राबवितात? २००६ च्या ग्रंथांत चार जेवणांचा माग काढीत ते आयोवांतील मक्याच्या शेतापर्यंत गेले. तेथील उपाहारगृहांतील मांस मक्यावर पोसलेलें आणि पेयांतील गोडीही मक्याचीच. चौथ्या जेवणासाठीं त्यांनीं रानडुकराची शिकार केली. (हें प्रकरण आमच्या घरांतून पानें उलटूनच वाचलें जाईल.) पणजी ज्यास अन्न म्हणून ओळखणार नाहीं तें खाऊं नये, हा त्यांचा २००८ मधील नियम मात्र आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. आमच्या माजघरांत परीक्षा घेणारी आजी अद्याप आहे; पण बाजारांतून पुडा आणतांना तिला विचारतो कोण?

२०१८ पासून त्यांची लेखणी चित्ताकडे वळली. भ्रम उत्पन्न करणारीं अळंबीं त्यांनीं स्वतः खाऊन पाहिलीं. वैद्यांच्या देखरेखीखालीं चाललेलें संशोधन निराळें; घरगुती अनुकरणास आमचा स्पष्ट विरोध आहे. आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा कॉफीचा प्रयोग. तीन महिने त्यांनीं ती वर्ज्य केली, तों चित्त एकाग्र होईना, लेखन अडलें. छांदोग्यांतील श्वेतकेतु पंधरा दिवस निराहार राहिला, तेव्हां त्यास वेद आठवेनात. जेवल्यावर सर्व आठवलें. दोन्ही प्रयोग एकाच जातीचे, तथापि एक भेद आहे. श्वेतकेतूस स्मृति परत दिली ती अन्नानें. पोलन ह्यांस एकाग्रता परत दिली ती ज्या द्रव्यानें, तें झाडानें मुळांत किडीपासून स्वसंरक्षणार्थ निर्माण केलेलें विष. तेंच द्रव्य चहांतही असतें, आणि त्याचा पेला आमच्या घरांतून दिवसांत दोनदां तरी फिरतो.