पक्ष कोणाचा?

आमच्या नशिराबाद परिसरात निवडणुकीचा हंगाम आला, की पारावर दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. आसपासच्या खेड्यात ग्रामपंचायतीची निवडणूक असेल तर 'पॅनेल कोणाचे?' आणि विधानसभेची असेल तर 'तिकीट कोणाला?' ग्रामपंचायत पक्षचिन्हावर लढविली जात नाही. तेथे उमेदवार डोळ्यांसमोरचा असतो. विधानसभेचे तिकीट मात्र मुंबई-दिल्लीत ठरते. ते कोणाला मिळाले हे आपण विचारतो. कोणी आणि कशाच्या आधारे दिले, हे विचारीत नाही.

१९५० साली अमलात आलेल्या आपल्या राज्यघटनेने राजकीय पक्षांची दखलच घेतली नव्हती. १९८५ साली पक्षांतरबंदीसाठी दहावे परिशिष्ट आले आणि पक्ष घटनेत शिरला. पक्षादेश मोडणाऱ्या आमदाराचे पद त्यामुळे जाऊ शकते. २००३ साली एक-तृतीयांश फुटीची पळवाटही बंद झाली. एवढे करूनही २०२२ साली शिवसेना आणि २०२३ साली राष्ट्रवादी काँग्रेस फुटलीच! नाव आणि चिन्ह कोणाचे, हे निवडणूक आयोगाने मुख्यतः निवडून आलेल्या प्रतिनिधींच्या बहुमतावर ठरविले. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याचे मत त्या तराजूत पडले नाही.

अमेरिकेकडे पाहिले तर चित्र निराळे दिसते. तेथील घटनेत आजही पक्षाचा उल्लेख नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७९६ साली निरोपाच्या संदेशात पक्षीय वृत्तीविरुद्ध इशारा दिला. तरीही पक्ष वाढलेच. १९६८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने ह्यूबर्ट हम्फ्री यांना अध्यक्षपदाची उमेदवारी दिली. ते एकाही प्राथमिक निवडणुकीत उतरले नव्हते. त्यावर एवढा क्षोभ झाला, की पुढे उमेदवार निवडण्याचा अधिकार पुढाऱ्यांच्या बैठकीतून निसटून प्राथमिक मतदारांकडे गेला. तेथे पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून कोणाचे सदस्यत्व जात नाही. अर्थात हे औषधही निर्दोष नाही. पैशाचा जोर वाढला आणि २०१६ साली रिपब्लिकन पक्षातील अनेक जुन्या धुरीणांना नको असलेले डोनाल्ड ट्रम्प उमेदवार झाले.

म्हणून अमेरिकेची नक्कल करावी, असे मी म्हणणार नाही. परंतु एक गोष्ट घेण्यासारखी आहे : उमेदवार निवडताना पक्षाच्या सभासदाला मत हवे. पक्षाला केवळ आमदारांवर हुकूम चालविण्याचा अधिकार असेल आणि सभासदांना उत्तर देण्याचे बंधन नसेल, तर ती शिस्त नव्हे, मालकी झाली.

हे खानदेशाने तरी विसरू नये. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्याच जिल्ह्यातील फैजपूरला, पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. तेव्हा पक्ष खेड्याच्या दारी आला होता. आज आपण खेड्यातली मुले तिकिटाच्या बातमीसाठी मुंबईकडे डोळे लावून बसतो. पुढच्या वेळी एखादा पुढारी मत मागायला आला, तर आपल्यापैकी एकाने तरी विचारावे, "साहेब, आपल्याला उमेदवार कोणी निवडले?"